शाफ्ट उतरवून चेन चढविण्यापूर्वी

शाफ्टवर चालणारी मोटारसायकल पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी दृष्टीस पडणे हीच मुळी अपूर्वाईची गोष्ट; आणि कोणे काळी परदेशातून आलेली, चार मालकांच्या हातांतून फिरलेली अशी एखादी गाडी ज्याच्या दारी येते, तो गृहस्थ ती आहे तशीच चालवावी म्हणून ती आणीत नाही, तर तिचे मूळचे रूप मोडून आपल्या मनाजोगे नवे रूप घडवावे या हौसेने आणतो. टाकी बदलते, आसन आखूड होते, मागचा मडगार्ड नाहीसा होतो, आणि मग एके दिवशी त्याचे लक्ष मागच्या चाकाला बिलगलेल्या त्या जाडजूड नळीकडे आणि तिच्या टोकाच्या लोखंडी डबीकडे जाते व सगळ्या सडपातळ मांडणीत तेवढाच एक भाग त्याला खुपू लागतो. शाफ्ट काढून चेन बसविता येईल काय, हा प्रश्न तेथे जन्मास येतो. याचे उत्तर एका शब्दात देता येते, परंतु गाडी पाहिल्यावाचून देता येत नाही. आणि पाहावयाचे ते काय, हेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम हौसेची कैफियत ऐकून घेऊ. चेन बसविल्याने मागचा भाग काही किलोंनी हलका होतो, पाहिजे त्या रुंदीचे चाक घालण्यास मोकळीक मिळते, दात्यांच्या संख्येत फेरफार करून गाडीची चढण-उताराची चाल बदलता येते, आणि थ्रॉटल देताच मागची बाजू उचलल्यासारखी होण्याची शाफ्टच्या जुन्या गाड्यांची खोड जाते. ही खोड खुद्द निर्मात्यांनाही जाचत होती. १९२३ च्या आर-३२ पासून शाफ्ट वापरीत आलेल्या बीएमडब्ल्यूने १९८७ साली आर-१०० जीएस या गाडीला जोडसांध्यांची निराळी रचना दिली, ती याचसाठी. हे सारे लाभ खरे आहेत. परंतु शाफ्ट बंद नळीत फिरतो आणि चेन उघड्यावर फिरते, हा भेद आमच्या अवर्षणप्रवण तालुक्यात जितका जाणवतो तितका तो कोकणात जाणवणार नाही. निघोजला कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे पाहावयास लांबलांबून लोक येतात, ते फिरत्या पाण्यात सापडलेल्या दगडगोट्यांनी काळा पाषाण कोरून केलेले आहेत. तेलकट चेनला चिकटलेली मुरुमाची धूळ तिच्या पिना आणि रोलर यांवर नेमके तेच काम करते, आणि त्याला युगे लागत नाहीत, दोन उन्हाळे पुरतात. ज्याला रोज शेतावरच्या कच्च्या वाटेने जावयाचे आहे त्याने शाफ्टला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे ऐकूनही ज्याचा निश्चय ढळला नाही त्याने गाडीपाशी बसून इंजिनाचा क्रँक कोणत्या दिशेने आडवा पडला आहे ते पाहावे. या एका गोष्टीवर सर्व निर्णय अवलंबून आहे. कोकणात बैलाचा रहाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चटकन समजेल: बैल जमिनीवर गोल फिरतो, त्याची फिरकी लाकडी दातेरी चाकांच्या जोडीने काटकोनात वळते आणि मग आडव्या लाटेवरून गाडग्यांची माळ विहिरीत उतरते. मोटारसायकलीतील क्राऊन-पिनियन म्हणजे त्याच दातेरी चाकांची पोलादी आवृत्ती, आणि चेन म्हणजे गाडग्यांची माळ. ज्या इंजिनाचा क्रँक गाडीला आडवा, म्हणजे चाकाच्या आसाला समांतर असतो, त्याची शक्ती शाफ्टच्या गाडीत दोनदा वळविलेली असते. एकदा गिअरपेटीपाशी आडव्याची उभी होते आणि पुन्हा चाकापाशी उभ्याची आडवी होते. तेथे पहिले वळण काढून टाकले की आडवी फिरणारी दांडी आपल्या हाती येते, तिच्यावर स्प्रॉकेट चढविता येतो, आणि काम कठीण असले तरी शक्य कोटीतले ठरते. याउलट ज्या इंजिनाचा क्रँक गाडीच्या लांबीच्या दिशेने असतो, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूची बॉक्सर इंजिने, मोटो गुझी, किंवा होंडाची सीएक्स-५००, त्याच्या गिअरपेटीतून बाहेर येणारी दांडीच मागच्या दिशेने तोंड करून असते. तिच्यावर स्प्रॉकेट बसविला तर चेन गाडीला आडवी धावेल. मधे काटकोनाची आणखी एक पेटी घालून हे जुळविता येईल खरे, पण मग शाफ्ट काढून मिळविले काय? अशा गाडीच्या बाबतीत माझे उत्तर नकाराचे आहे आणि त्याला अपील नाही.

आडव्या क्रँकच्या गाड्यांतही शहाणा माणूस आधी तिच्या भावंडांची चौकशी करतो. निर्मात्यांनी पुष्कळदा एकाच घराण्यातील इंजिन एका गाडीत शाफ्टला आणि दुसरीत चेनला जोडलेले आहे. सुझुकीची जीएस-१००० चेनची, तर तिचीच जीएस-१००० जी शाफ्टची; कावासाकीच्या हजार सीसीच्या गाड्यांतही एसटी नावाची शाफ्टची आवृत्ती होती; आणि यामाहाने १९८१ च्या सुमारास व्ही-ट्विन इंजिनाच्या व्हिरागोला शाफ्ट दिला असता त्याच कुळातील टीआर-१ या गाडीला चेन दिली, तीही ग्रीस भरलेल्या बंद आवरणात. भावंडाची गिअरपेटीची दांडी, बाजूचे झाकण, चिमटा (स्विंगआर्म), मागचे चाक आणि हब हा सगळा संच एका ठिकाणी मिळाला, तर तो महाग पडला तरी घ्यावा. तरीही एक इशारा आहे: भावंडे दिसतात तितकी एकरूप नसतात, बेअरिंगचा व्यास, दांडीची लांबी, स्प्लाइनचे दाते यांत तफावत असते, म्हणून दोन्ही भाग टेबलावर शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

हे परिवर्तन स्वतः निर्माता करतो तेव्हा ते कसे करतो, याचे उदाहरण आपल्या मुंबईत चाललेल्या स्कूटरमध्येच आहे. इटलीच्या इनोचेंटीची लँब्रेटा आरंभी शाफ्टची होती. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने पन्नाशीच्या दशकात परवान्याने येथे आणलेली एलडी ही स्कूटरही शाफ्टचीच. पुढे १९५७-५८ मध्ये इनोचेंटीने टीव्ही-१७५ आणि एलआय या मालिकांत शाफ्ट सोडून दुहेरी ओळीची चेन घेतली, आणि त्याच मालिकेचा वंश नंतर मुंबईतही बनू लागला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्यांनी शाफ्ट उपसून त्या जागी चेन ताणली नाही. क्लच मागे नेला, गिअरपेटी चाकापाशी नेली, आणि चेन बंद कवचात तेलात बुडवून ठेवली. म्हणजे इंजिनाची सारी इमारतच पुन्हा बांधली. ज्यांच्यापाशी आरेखक, ओतशाळा व पैसा होता त्यांनीही जे अर्ध्यावर भागविले नाही, ते आपण एका रविवारी ग्राइंडर चालवून भागवू असे मानणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे.

आता प्रत्यक्ष कामास लागण्यापूर्वी, शाफ्टचा एकही बोल्ट सैल न करता, दोन गोष्टींची नोंद करून घ्यावी. गाडी मुख्य स्टँडवर घ्यावी, स्पार्क प्लग काढावेत, वरचा गिअर टाकावा, गिअरपेटीचे बाजूचे झाकण काढून आतली आडवी दांडी दिसेल असे करावे आणि मागचे चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवावे. दांडी चाकाच्याच दिशेने फिरते की उलट, ते पाहावे. शाफ्टच्या रचनेत निर्मात्याला दिशेची फिकीर नसते, कारण क्राऊन पिनियनच्या डाव्या बाजूस ठेवला की उजव्या, यावर ती शेवटी सुधारून घेता येते. चेनला ही सवलत नाही. दांडी उलट फिरत असेल तर तुमची गाडी पाचही गिअरांत मागेच जाईल, आणि हे शोधून काढण्यासाठी सगळे काम पुरे होण्याची वाट पाहणे परवडणारे नाही. दुसरी नोंद गुणोत्तराची: चाकावर खडूची खूण करून त्याचे दहा फेरे पुरे करावेत आणि तेवढ्यात दांडीचे किती फेरे झाले ते मोजावे. समजा सत्तावीस झाले, तर गुणोत्तर २.७ आले, आणि चेनच्या दोन स्प्रॉकेटांच्या दात्यांचे प्रमाण तेवढेच राखावयाचे हे ठरले. नवे चाक घेरात पाच टक्क्यांनी मोठे घालावयाचे असेल तर गुणोत्तरही पाच टक्क्यांनी वाढवावे, नाहीतर पहिल्या गिअरात गाडी चढावर धापा टाकील.

इंजिन उघडल्यावर ज्या अडचणी समोर येतात त्यांत तेलाची अडचण नवशिक्याला सर्वांत उशिरा सुचते. गिअरपेटीपाशी असलेल्या क्राऊन-पिनियनला काही गाड्यांत इंजिनाचेच तेल दाबाने पुरविलेले असते. ती जोडी काढून टाकली आणि तेलाची वाट बंद करावयाची राहिली, तर इंजिनाचा दाब उतरतो आणि तेल बाहेर पडून थेट मागच्या टायरवर जाते. म्हणून जेथे तेलाचे छिद्र आहे तेथे आटे पाडून बूच बसवावे, पोकळीच्या तोंडावर अॅल्युमिनियमची जाड चकती गॅस्केटसह आवळावी, आणि दांडी जेथून बाहेर येते तेथे योग्य मापाचे ऑइल सील ठोकावे. सील ज्या पृष्ठभागावर घासते तो भाग गुळगुळीत असावा लागतो. स्प्लाइनवर सील बसत नाही, त्यासाठी दांडीवर एक पोलादी बुश चढवावा लागतो.

भाराचा विचार त्याहूनही गंभीर आहे. ५० न्यूटन-मीटरचा साधा जोर घेतला आणि पहिल्या गिअरात तो आठपट होतो असे धरले, तर गिअरपेटीच्या दांडीवर ४०० न्यूटन-मीटर येतात. पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर अंतराच्या दुव्यांच्या चेनसाठी सतरा दात्यांचा स्प्रॉकेट घेतला तर त्याची त्रिज्या सुमारे ४३ मिलिमीटर भरते. भागाकार करून पाहावा, चेनची ओढ साडेनऊशे किलोच्या आसपास येते. ही सारी ओढ दांडीला एका बाजूने मागे खेचते. मूळचे बेअरिंग क्राऊन-पिनियनच्या निराळ्या दाबासाठी निवडलेले असते आणि स्प्रॉकेट तर त्याच्याही बाहेर लोंबकळत असतो. रुंद टायर घालण्याच्या मोहात स्प्रॉकेट जितका बाहेर सरकवावा तितकी दांडी वाकविणारी तरफ लांबते. यावर दोन उपाय: स्प्रॉकेट बेअरिंगच्या शक्य तितका निकट ठेवावा, आणि तो वीस-पंचवीस मिलिमीटरपलीकडे जातच असेल तर बाहेरच्या बाजूस जाड पट्टीत बसविलेले दुसरे बेअरिंग देऊन दांडीला दोन्हीकडून आधार द्यावा. हा खर्च टाळणाऱ्यांच्या गिअरपेट्या मी फुटलेल्या पाहिल्या आहेत.

स्प्रॉकेट दांडीवर बसवावयाचा कसा, हा पुढचा मुद्दा. शाफ्टला जोडणाऱ्या मूळच्या कपलिंगला आतून स्प्लाइन कापलेली असते. तीच कपलिंग लेथवर छिलून तिचा हब करावा आणि तयार स्प्रॉकेट मधोमध भोक मोठे करून त्यावर डॉवेल पिना व बोल्ट यांनी आवळावा, हा मला पटलेला मार्ग. मूळच्या कठीण केलेल्या गिअरलाच स्प्रॉकेट वेल्डिंगने चिकटविण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. पण वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि सांध्याच्या कडेने जी बारीक भेग पडते ती चढावर, माणूस मागे बसला असता, उघडी होते. पारनेरच्या माणसाला यासाठी पुण्यास धाव घ्यावी लागत नाही. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास आणि नगरला चांगले टर्नर आहेत. लूना मोपेडच्या काळापासून या भागात दुचाकीच्या कामाचा हात रुजलेला आहे. मात्र टर्नरला तोंडी वर्णन सांगू नये. कागदावर माप लिहून, शक्य तर नमुना सोबत देऊन काम टाकावे.

दात्यांची संख्या ठरविताना पुढे सतरा घ्यावेत, चौदा-पंधरावर येऊ नये. लहान स्प्रॉकेटवर दुवा अधिक मुरडतो आणि चेन लवकर झिजते. शिवाय सतरा ही मूळसंख्या असल्याने तोच दाता त्याच दुव्याला वरचेवर भेटत नाही. वरच्या २.७ ला सतराने गुणले की मागचे दाते शेहेचाळीस येतात. आता दोन आसांतील अंतर ५८० मिलिमीटर धरू. त्याची दुप्पट भागिले दुव्याचे अंतर, म्हणजे ७३.०७; अधिक दोन्ही दात्यांच्या बेरजेचे अर्धे, ३१.५, अधिक वळणापोटी थोडी भर, सुमारे ०.५८, एकूण १०५.१५ दुवे. चेन सम संख्येतच जोडावी, म्हणून १०६ दुवे घ्यावेत आणि आस सुमारे सात मिलिमीटर मागे सरकवावा. चिमट्याच्या खाचेत एवढी जागा आणि पुढे चेन ढिली झाल्यावर ओढून घेण्यासाठी आणखी तेवढीच जागा असावी, हे चिमटा कापण्यापूर्वी पाहावयाचे असते, नंतर नव्हे. चेन बाजारात डायमंडची मिळते, रोलॉनची मिळते. मोठ्या इंजिनाला सीलबंद रिंगांची आणि रिव्हेटने मिटवावयाची घ्यावी. क्लिपची कडी वापरणेच प्राप्त झाले तर क्लिपचे बंद तोंड चेनच्या धावण्याच्या दिशेने ठेवावे.

मागच्या चाकाचा हब शाफ्टच्या गाडीत स्प्लाइनचा असतो, त्याला स्प्रॉकेट लावता येत नाही. आणि लावता आला तरी लावू नये, कारण चेनच्या हबात धक्का शोषणारी रबरे असावी लागतात. चाक, हब, ब्रेक हे एकाच चेनच्या गाडीचे घेणे हाच सोपा मार्ग. चिमटा बदलताना ब्रेकची आधारदांडी कोठे अडकेल, स्पीडोमीटरची केबल कोठून निघेल, साइड स्टँड चेनला लागेल काय, गिअरचा पाय स्प्रॉकेटला घासेल काय, असे किरकोळ वाटणारे प्रश्न आधी सोडवावेत.

दोन्ही स्प्रॉकेट एका पातळीत असण्याविषयी मी जरा विस्ताराने लिहितो, कारण तेथे मी स्वतः फसलो आहे. माझ्या पहिल्या कामात मी चिमट्यावरच्या खुणांवर विसंबून चाक सरळ बसविले. खुणा स्वतःच तीन मिलिमीटर चुकलेल्या होत्या. गाडी पळत होती, आवाजही फारसा नव्हता. पाचएकशे किलोमीटरनंतर मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांची एकच बाजू आरशासारखी चकाकू लागली आणि चेनच्या आतल्या पट्ट्या एका अंगाने झिजल्या, तेव्हा माझे डोळे उघडले. तेव्हापासून मी पुढच्या स्प्रॉकेटच्या तोंडाला सरळ पोलादी पट्टी टेकवून ती मागच्यापर्यंत नेतो आणि खुणा केवळ रुजुवातीपुरत्या पाहतो. ढिलेपणाही सावधपणे ठरवावा. पुढचा स्प्रॉकेट, चिमट्याचा सांधा आणि मागचा आस हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. शॉकअॅब्सॉर्बर सोडवून चाक त्या स्थितीला आणावे आणि तेथेही चेन थोडी हलते याची खात्री करावी, मग गाडी स्टँडवर असता खालच्या पदराला पंचवीस ते पस्तीस मिलिमीटर हेलकावा राहतो तो ठीक. झीज मोजण्यासाठी वीस दुवे ताणून मोजावेत: नव्या चेनमध्ये ते ३१७.५ मिलिमीटर भरतात, ३१९.४ झाले की तिन्ही वस्तू, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, एकदम बदलाव्यात. पुसण्यास रॉकेल चालेल, पेट्रोल नको. ते रिंगा फुगविते. वर गिअरपेटीचे नव्वद नंबरचे तेल, आणि उन्हाळ्यात ते आठवड्यातून एकदा.

राहता राहिले कायद्याचे प्रकरण, ते हौशी लोक शेवटी ठेवतात आणि मी येथे नाइलाजाने शेवटी ठेवले आहे. वस्तुतः ते पहिले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीच्या दाखल्यातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार मालकाने करू नये, असा दंडक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणेच लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. चिमटा बदलला की चाकांतील अंतर बदलते, वजन बदलते. तेव्हा हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. एमएच-१६ च्या गाडीने नगरच्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि उत्तर लेखी घ्यावे. तोंडी होकाराला दप्तरात किंमत नसते. नगरलाच वाहननगर येथे संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था आहे आणि वाहनांची प्रमाणन-चाचणी करणाऱ्या अधिकृत संस्थांत तिची गणना होते. परंतु ती निर्मात्यांच्या नमुन्यांसाठी, आपली एकुलती एक गाडी तेथे नेऊन शिक्का मिळवता येईल असा ग्रह कोणी करून घेऊ नये. परवानगी मिळाली नाही तर गाडी प्रदर्शनात आणि खासगी आवारात शोभवावी, सार्वजनिक रस्त्यावर नव्हे. विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर दावा नामंजूर होण्यास आयतेच निमित्त मिळते. चेसिसचा नंबर ज्या नळीवर कोरला आहे ती नळी कापू नये, घासू नये, तिच्यावर पुटीही भरू नये. मागे बसणाराचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारे संरक्षण आणि हाताला धरण्यास कडी असावी असे नियम १२३ सांगतो. चेनवरचे आवरण तर कोणी सांगितले नाही तरी ठेवावे, साडीचा पदर आणि उघडी चेन यांची गाठ किती वाईट असते हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावयास नको.

आणि काढलेला शाफ्ट, क्राऊन-पिनियन, मूळचा चिमटा व चाक भंगारवाल्याला देऊ नका. तेल चोपडून, गोणपाटात गुंडाळून, गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आत ठेवून ते माळ्यावर टाका. ही गाडी तुमच्या हातून पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला ती पुन्हा पूर्ववत करावीशी वाटण्याचा संभव फार मोठा आहे.